भरती उशिरा येते

परीक्षा जवळ आली की आमच्या घरातला बल्ब माझा होतो. एरवी तो चुलीकडे असतो. मार्च लागला की माय त्याची वायर ओढून माझ्या पुस्तकावर आणते, आढ्याच्या खिळ्याला अडकवते आणि स्वतः अर्धवट अंधारात भाकरी थापत बसते. थापण्याचा आवाज येतो, हात दिसत नाहीत. मी म्हणते, "माय, तुले दिखत नही." ती म्हणते, "माले कोठे वाचनं शे?"

यंदा शेवटचं वर्ष. भूगोलाचं पुस्तक उघडलं आणि नेमकं तेच पान समोर आलं. भरती-ओहोटी. चंद्र, सूर्य, पृथ्वी यांची आकृती, आणि खाली पहिल्या वर्षी मी पेन्सिलीने अधोरेखित केलेलं वाक्य : भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हे वाक्य मी एकदा परीक्षेत लिहिलं होतं. पूर्ण गुण मिळाले होते. आमच्या घरात मी पहिलीच कॉलेजला गेलेली, त्यामुळे पूर्ण गुण म्हणजे काय ते मला आबांना आणि मायला समजावून सांगावं लागलं होतं. आता ते वाक्य वाचवत नाही. पान उलटते, पुन्हा मागे येते.

मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. एका हिवाळ्याबद्दल लिहायचं आहे, खरं तर त्या हिवाळ्यातल्या दोन संध्याकाळींबद्दल.

आमचं घर तापीच्या काठावर, सारंगखेड्यापासून थोडं खाली. आबा मासे धरतात. त्यांची होडी लहान आहे, जाळं मोठं. बंधाऱ्याचं पाणी अडवलं की नदी तळ्यासारखी उभी राहते, सोडलं की पुन्हा नदी होते. पण कशीही असली तरी ती जाते पश्चिमेलाच. लहानपणी मी आणि माझा मोठा भाऊ युवराज काठावर बसून तिच्यात काड्या सोडायचो. भाऊ म्हणायचा, "मन्ही काडी समुद्रमा जाई." माझी काडी नेहमी लव्हाळ्यात अडकायची. भाऊ नववीतून शाळा सोडून गुजरातकडे गेला, समुद्रातल्या मोठ्या बोटींवर कामाला. त्याच्या काडीसारखाच गेला, असं आबा एकदा म्हणाले. मग पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

त्या हिवाळ्यात यात्रेतला घोडेबाजार उठला होता. सारंगखेड्याच्या माळावर गवताच्या काड्या, लीद आणि रिकाम्या खुंट्या राहिल्या होत्या. थंडी अशी की सकाळी नदीवर धूर दिसायचा. त्या दिवसांत कॉलेजची अभ्याससहल निघाली, दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर. आणि सरांनी ज्या गावाचं नाव घेतलं, ते भाऊच्या बंदराचं होतं. दोन दिवाळ्या तो घरी आला नव्हता. संध्याकाळी फोन करायचा, व्हिडिओवर, पण त्याच्याकडे नेहमी अंधार. "बोटवर लाइट कमी शे," म्हणायचा. आम्हाला त्याचे दात आणि डोळ्यांतली चमक तेवढी दिसायची.

मायला सहलीचं सांगितलं, तशी ती उठली आणि आबांच्या टोपलीतल्या चिलापी निवडायला बसली. रात्रभर मिठात ठेवून भल्या पहाटे उठून कडक तळल्या. कळण्याच्या भाकरी, ठेचा.

आबा हसले. "समुद्रमा ऱ्हानाराले नदीना मासा? लोके हासतीन."

"हासू द्या. तठला मासा खारा. मन्हा आंडोरले गोड्या पानीना लागस."

मग लेकासाठीच्या फडक्याला गाठ मारता मारता माझ्याकडे न बघता म्हणाली, "फोटो काढी लयजो त्याना. उजेडमाना. तोंड दिखाले जोयजे. बारीक व्हयना का काय, माले काहीच समजत नही."

एवढंच तिचं मागणं होतं.

बस पहाटे निघाली. विसरवाडीला चहाला थांबलो तेव्हा ट्रकांच्या रांगेतून ऊन वर येत होतं. माझ्या शेजारी रेशमा बसली होती, तोरणमाळकडची. तिने माझ्या पिशवीचा वास घेतला आणि म्हणाली, "मासे घेऊन समुद्रावर चाललीस? मग मी डोंगरावर दगड घेऊन जाते." पुढच्या बाकावरच्या मुली हसल्या. मीही हसले. पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

कॉलेजचा कॅमेरा सरांनी माझ्या गळ्यात घातला होता, कारण अहवालाचं काम माझ्याकडे. "गळ्यातून काढायचा नाही," हा पहिला नियम. दुसरा नियम त्यांनी बसमध्ये शिकवला. उजेड कमी असला की कॅमेऱ्याला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ आपण हलायचं नाही, समोरच्यानेही हलायचं नाही. मी मान डोलावली. स्थिर उभं राहणं मला येतं, असं मला वाटत होतं.

पोचलो तेव्हा समुद्र नव्हता. मी खरंच तसं म्हणाले, सर हसले. लांबपर्यंत राखाडी चिखल आणि त्यात बोटी आडव्या पडलेल्या, जशा आमच्याकडे दुपारी म्हशी पडतात. समुद्राचा नुसता आवाज होता, कुठेतरी पलीकडे. भाऊला मी फोनवर सांगितलं होतं की पाण्याच्या काठावर उभी राहीन. नदीवर तसंच सांगतात. इथे काठच सापडेना. शेवटी त्यानेच मला शोधलं, खाडीच्या धक्क्यावर, बर्फाच्या पाट्यांमागे.

"काय वं मनू, हारपनी का?"

तो काळा झाला होता, खांद्यात रुंद. मला त्याच्या गळ्यात पडायचं होतं, पण कॅमेरा मधे आला. उजव्या हाताला मनगटापर्यंत गमछा गुंडाळलेला.

"हातले काय झायं?"

"शिंगाडाना काटा भरना."

यात आमच्या घरात विचारण्यासारखं काही नसतं. शिंगाड्या माशाचा काटा आबांनाही भरतो, चार दिवस हात ठणकतो, हळद लावली की उतरतो. "हयद लाय," मी म्हणाले. "लायी," तो म्हणाला.

पिशवी त्याने डाव्या काखेत घेतली, नाक खाली नेलं. "चिलापी!"

"आठेच खाय ना. मायले सांगनं पडी, कशी लागनी ते."

"बोटवर खासू. आते हात वास मारस."

हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. कोळ्या-भोयाच्या घरात हाताला माशाचा वास येतो म्हणून कोण जेवायचं थांबतं? पण मी त्याच्याकडे बघण्यात इतकी गुंग होते की त्याचं बोलणं नुसतं कानांवरून जात होतं. त्याने विचारलं, अजून किती वर्षं राहिली. मी सांगितलं, हे धरून दोन. "व्हई जाई," तो म्हणाला, जणू मी अवघड चढ चढत होते आणि तो मागून ढकलत होता.

एवढ्यात खाडीत पाणी शिरलं. आवाज न करता आलं, आधी चरांमधून, मग सगळीकडून. आडव्या बोटी एकेक करून सरळ झाल्या. सूर्य अजून हातभर वर होता. दुसऱ्यांच्या बोटी निघाल्या तेव्हा सगळ्या खाडीला तांबूस सोनेरी रंग चढला होता, माणसांच्या गालांवर, दोरांवर, डिझेलच्या डब्यांवरसुद्धा. मी धडाधड फोटो काढले. अनोळखी माणसांचे चेहरे इतके स्वच्छ आले की एकाच्या भुवईवरची जखमेचे टाके मोजता आले असते.

"भाऊ, तू बी उभा ऱ्हाय ना."

"आज नको. अवतार देख मन्हा. उद्या आमनी बोट निघनार शे, अशीच, पानी भरनं का. तव्हय काढ. मायले बोट बी दिखी."

मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच मी धक्क्यावर जागा धरली. कालच्या ठिकाणी, कालच्या वेळेला, कालच्या उन्हात. बोट समोर चिखलावर उभी होती, निळी, नाकावर पांढरा पट्टा. भाऊ आत होता. चिखलातून तिथवर जाता येत नव्हतं. मी हात हलवला की तोही हलवायचा, डावा. ऊन सोनेरी झालं. पाणी आलं नाही. ऊन तांबडं झालं. पाणी आलं नाही. मी खाडीच्या तोंडाकडे बघायची, मग सूर्याकडे, पुन्हा खाडीकडे. घरी दूध उतू जायला आलं आणि चूल विझवायला कुणी नाही, असं वाटत होतं. मी पाण्याला मनातल्या मनात विनवण्या केल्या. आमच्याकडे तापीला तशी सवय आहे, माणसं तिला साडी नेसवतात, तिच्याशी बोलतात. या पाण्याशी माझी ओळख नव्हती.

बगळे उडून गेले. सूर्य धुरकट पट्ट्यात शिरला आणि तिथेच विरघळला, नीट बुडालाही नाही. मग पाणी आलं.

बोट उठली तेव्हा आकाश राखेच्या रंगाचं होतं. त्यांनी ती धक्क्याला लावली, बर्फ चढवायला. केबिनच्या दाराशी एक बल्ब लागला, नेमका भाऊच्या पाठीमागे. त्याचा नुसता आकार दिसायचा. मी कॅमेरा छातीशी दाबून धरला, श्वास रोखला, सरांनी सांगितलं तशी दगड झाले. मी हलले नाही, पण बोट हलायची. पाण्यावर असलेली बोट हलतेच, तिला कोण सांगणार उभी राहा म्हणून? पडद्यावर दरवेळी भाऊच्या जागी एक फराटा उमटायचा, दोन खांदे, तीन डोकी, धुरासारखा माणूस.

"भाऊ, फ्लॅश मारस!"

"नको, नको! डोयामा जास. आखो काम शे माले."

त्याच्या बोटीवरचा एक जण गुजरातीत ओरडला, "एय हीरो, फोटो पडावे छे के?" सगळे हसले. भाऊ पण हसला, दात चमकले.

मागे सहलीची बस हॉर्न देत होती. रेशमा पळत आली, "मनीषा, सर चिडलेत, चल." निघता निघता भाऊ धक्क्यावरच्या खुंट्याचा दोर सोडवायला वाकला. बोट त्या क्षणी दोराने ताणून धरलेली होती, हलत नव्हती. मी शेवटचा फोटो काढला. पडद्यावर तो काळाच दिसला. "तोंड नही उनं, भाऊ!" मी ओरडले. त्याने अंधारातून डावा हात वर केला. "ऱ्हाऊ दे! बोट उनी ना?" इंजिनचा आवाज वाढला आणि मग लाल दिवा एवढासा एवढासा होत गेला.

बसमध्ये मी रडले, तेही फक्त फोटो बिघडले म्हणून. रेशमाने तिच्याकडचे चणे दिले. "अगं, पाणी उशिरा आलं, त्यात तुझं काय?" ती म्हणाली. तेव्हा मला पन्नास मिनिटांचं वाक्य आठवलं. मी ते लिहिलं होतं, त्याखाली रेघ मारली होती, आणि नदीकाठची मुलगी म्हणून विसरून गेले होते. नदीला रोजचा उशीर नसतो. पण त्यापुढचा विचार, म्हणजे हे वाक्य भाऊला रोज जगायला लागतं, तो मला बसमध्ये सुचला नाही. तो आठवडाभराने सुचला.

कॉलेजच्या संगणकावर मी अहवालाचे फोटो भरत होते. तो शेवटचा फोटो उघडला. फोटोतला उजेड वाढवायची एक पट्टी असते, ती मी हळूहळू सरकवली. आधी आकाशाला दाणे फुटले, रवा सांडल्यासारखे. मग बोटीचा निळा रंग आला. मग भाऊचं कपाळ, नाक, जरा बसलेले गाल. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठले. मायने सांगितलेलं तोंड आलं होतं. अजून थोडं, म्हणून मी पट्टी पुढे नेली, आणि दोर आला. दोरावरचा त्याचा उजवा हात आला. गमछा सोडलेला होता. दोर अंगठ्यात आणि एका बोटात धरला होता. पुढची तीन बोटं नव्हती.

मी पट्टी मागे आणली. हात गेला, चेहरा गेला, बोट गेली. पुन्हा पुढे नेली. असं किती वेळ केलं, आठवत नाही. पट्टी माझ्या हातात होती, पुढे न्यायची तेवढी नेता येत होती, आणि त्याने काहीच होत नव्हतं.

संध्याकाळी मी घराबाहेर, होडीपाशी जाऊन फोन केला.

"भाऊ, तुन्हा फोटो चांगला उना."

पलीकडे पाणी वाजत होतं. "कितला चांगला?" त्याने विचारलं.

"बठ्ठं दिखस."

सगळं दिसतं म्हटल्यावर तो लपवायचं थांबला. मग सावकाश सांगितलं. जाळं ओढायच्या यंत्रात दोर गेला, दोरामागे हात. दिवाळीच्या आधीची गोष्ट. तो आला नाही त्या दोनांतल्या पहिल्या दिवाळीच्या. "आते दुखत नही. थंडीमा थोडं."

"घर ये ना, भाऊ."

"घर ईसन काय करू? तापीमा जाळं फेकाले दोन हात लागतस, मनू. आठे माले दोर सोडाले ठेयेल शे, बर्फ मोजाले ठेयेल शे. चालस." मग एकदम हसला, खोटं नाही, खरंच हसला. "डावा हात शिकी ऱ्हायना आते. तू शिकी ऱ्हायनी ना, तसा तो बी. बिडी पेटाडता येस. सही आखो नही येत. नापास व्हयना त्यामा."

मला हसू आलं नाही, आणि रडले असते तर त्याला ऐकू गेलं असतं.

"मायले नको सांगू," तो म्हणाला. "ती माले आठे ऱ्हाऊ देवाव नही. तुन्हा शेवटना पेपर व्हऊ दे. मी सोता ईसन सांगसू. तिले फोटो दे, पन अंधाराना दे."

तो बोलत असताना मी नदीकडे बघत होते. आणि तिथे, त्या एकाच दिशेने जाणाऱ्या पाण्याकडे बघताना, मला कळलं. दुसऱ्या दिवशी पाणी उशिरा भरणार, तोवर ऊन जाणार, हे त्याला आधीच माहीत होतं. "उद्या काढ" हे त्याने पाणी बघून म्हटलं होतं. बल्बकडे पाठ करून उभा राहिला होता, तेही ठरवूनच. मी दोन तास समुद्राला विनवत होते आणि समुद्र भाऊच्या बाजूने होता.

फोटो शहाद्याच्या स्टुडिओत छापला. तिथला माणूस चांगला होता. म्हणाला, "ताई, फारच काळा आहे. उजळ करून देऊ का? पैसे नका देऊ त्याचे." मी म्हणाले, "नको. आहे तसाच."

आता तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. राखाडी आकाश, काळी बोट, काळा माणूस, मागे एक पिवळा ठिपका. घरी कुणी आलं की माय सांगते, "हाऊ मन्हा युवराज. हाई त्यानी बोट." माणसं जवळ जाऊन डोळे बारीक करतात आणि म्हणतात, वा. ती गेल्यावर माय पदराने काच पुसते, अंधार काचेवर बसलेली धूळ असावी तसा. एकदा मला म्हणाली, "इतली शिकनी तू, याना तोंडवर थोडासा उजेड करता नही येस का?"

"नही येत, माय."

"नही येत ते नही येत," ती म्हणाली. माझ्या शिक्षणावरचा तिचा विश्वास तेवढ्याने कमी झाला नाही, हेच मला सोसत नाही.

गेल्या पावसाळ्यात बोटी वर ओढून ठेवल्या, तेव्हा भाऊ राखणीला तिथेच थांबला. यंदा थांबणार नाही. माझ्या शेवटच्या पेपरनंतर तो येणार आहे, त्याने शब्द दिला आहे. मायने त्याच्यासाठी गोधडी उन्हात टाकायला सुरुवात केली आहे. मुलगी शोधायचं पण ती आबांशी बोलते. मी एकेक धडा संपवते आणि तो दिवस एकेक धड्याने जवळ येतो. अभ्यास नीट केला तरी येणार, नाही केला तरी येणारच. कधी वाटतं, पेपर पुढे ढकलले जावेत. मग वाटतं, नको, आजच व्हावेत. पहाटे उठून मी पाठ करत बसते आणि काहीच पाठ होत नाही.

परवा दिवेलागणीला त्याचा फोन आला, व्हिडिओवर. मी फोन मायच्या हातात दिला. नेहमीसारखा काळा चौकोन, त्यात दात.

"जेवना का रे?"

"जेवनू, माय."

"काहीच दिखत नही तू."

"बोटवर लाइट कमी शे ना."

मायने फोन जवळ नेला, लांब नेला, तिरका केला. आमचा बल्ब माझ्या पुस्तकावर जळत होता आणि फोनच्या काचेत त्याचाच ठिपका चमकत होता. ती त्या ठिपक्याकडे जरा वेळ बघत राहिली.

"आपलाच उजेड आडवा ई ऱ्हायना," ती म्हणाली, आणि उठून तिने आमचा बल्ब मालवला.

पुस्तक दिसेनासं झालं. चुलीतले निखारे, आणि मायच्या तोंडावर फोनचा फिकट निळा उजेड. ती त्या अंधारात अंधाराकडे बघत राहिली. चौकोन तसाच काळा होता.

"हां," माय म्हणाली. "आते दिखस."